चरबीचें रोपण

चरबी हा शब्द मराठींत बहुधा रागानेंच उच्चारला जातो. उद्दाम मनुष्यास ती चढते आणि भल्या माणसांस ती उतरवावी लागते. तिला एका जागेवरून काढून दुसऱ्या जागीं मानानें बसवावें, ही कल्पना आमच्या भाषेस सुचलेली नाहीं. आम्हांसही ती सुचली नव्हती. म्हणून आमची भाची जेव्हां एके दिवशीं आपल्या मामीजवळ बसून हलक्या आवाजांत म्हणाली कीं, मांडीची चरबी काढून छातींत भरण्याची शस्त्रक्रिया मी करवून घेणार आहें, तेव्हां पलीकडच्या खोलींत वर्तमानपत्र वाचीत बसलेल्या आम्हांस हसूं आलें, आणि तें तिला ऐकूं गेलें.

तिचें उत्तर एवढेंच होतें : “मामा, सोळाव्या वर्षापासून एका बाजूस कापसाची घडी ठेवून मी घराबाहेर पडतें. आतां छत्तिसावें लागलें.” निसर्गानें तिची एक बाजू भरली आणि दुसरी अर्धवट ठेविली, हें आम्हांस वीस वर्षें ठाऊक नव्हतें. घरांत लग्नें झालीं, बारशीं झालीं. ती प्रत्येक वेळीं पदर सावरीत होती, आणि तो आम्हांस विनय वाटत होता. हसण्याचें प्रायश्चित्त म्हणून आम्हीं या विषयाचें वाचन आरंभिलें.

ही युक्ति वाटते तितकी नवी नाहीं. १८९५ सालीं हायडेलबर्ग येथें चेर्नी या शस्त्रवैद्यानें एका स्त्रीच्या स्तनांतील गांठ काढल्यावर पडलेला खळगा तिच्याच कमरेजवळच्या चरबीच्या गांठीनें भरला. पुढें नळीनें चरबी शोषून घेण्याची रीत निघाल्यावर हा मार्ग सोपा झाला. परंतु १८९५ पासून १९८७ पर्यंत शंका कांहीं मिटल्या नाहींत. त्या सालीं अमेरिकेंतील प्लॅस्टिक सर्जनांच्या संस्थेनें स्तनांत चरबी भरण्यास विरोध केला. मेलेल्या चरबीचे चुनखडीसारखे कण कर्करोगाच्या तपासणींत घोटाळा करतील, ही त्यांची भीति. २००९ सालीं त्याच संस्थेच्या समितीनें हा सरसकट निषेध सोडला. तरी त्या भीतींतला बोध राहिलाच : आधीं व नंतर छातीचीं चित्रें काढून ठेवावीं, आणि घराण्यांत तो रोग असल्यास तें प्रथम सांगावें.

मुख्य प्रश्न टिकण्याचा. १७९४ सालीं लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’ मासिकानें पुण्याकडील एका शस्त्रक्रियेची हकीकत छापिली होती. कावसजी नांवाच्या गाडीवानाचें कापलेलें नाक कपाळाच्या कातड्यानें नवें करण्यांत आलें. त्या कातड्याचा देंठ जागच्या जागीं ठेविलेला असल्यामुळें तें रुजेपर्यंत त्यास जुन्या घरचें रक्त मिळत राहिलें. शोषून काढलेल्या चरबीस असा देंठ नाहीं. पहिले कांहीं दिवस ती सभोंवतालच्या ओलाव्यावर जगते. तेवढ्यांत नव्या रक्तवाहिन्या पोंचल्या तर वांचली. थेंब जाड असेल तर त्याचें अंतरंग रक्त येण्यापूर्वींच उपाशी मरतें, आणि तेथें तेलाची पिशवी किंवा कठीण गांठ उरते.

कोंकणांत भाताची लावणी पाहिलेल्यास हें समजावून सांगावें लागत नाहीं. रोपांची मूठच्या मूठ एके ठिकाणीं खोंचली तर तीं कुजतात. दोनचार काड्या वितीवितीवर लावाव्या. जाणता शस्त्रवैद्यही बारीक नळीनें, कातडीखालीं व स्नायूंत अनेक थरांवर, थोडी थोडी चरबी पेरीत जातो आणि जमीन पोसूं शकेल तेवढेंच देतो.

आमच्या भाचीस एका ठिकाणीं एकाच बैठकींत वाटेल तेवढी भर घालून देण्याचें आश्वासन मिळालें होतें. तिनें जिची निवड केली त्या डॉक्टरीणबाईंनीं मात्र पहिल्या भेटींतच सांगितलें कीं, भरलेल्यापैकीं निम्मी, फार तर दोनतृतीयांश टिकेल, आणि कदाचित् दोन बैठका लागतील. घट्ट कपडे नकोत, पालथें निजणें नको, तंबाखूचा धूर नको, आणि वजन आहे तेथेंच राखावें, एवढीं पथ्यें.

पहिल्या महिन्यांत सूज होती, म्हणून ती हर्षभरित. तिसऱ्या महिन्यांत भर ओसरली, आणि तिनें मामीच्या मांडीवर डोकें ठेवून रडून घेतलें. आम्हीं यावेळीं वर्तमानपत्र बाजूस ठेविलें. बाईंनीं आधीं सांगितलेलें होतें तेंच घडलें, हें तिला आठवण करून देण्याचें काम आमच्याकडे आलें. सहा महिन्यांनंतर जें उरलें तें उरलेंच. त्यावर दुसरी बैठक झाली. त्यासही आतां दोन वर्षें झालीं. दोन्ही बाजू आरशांत अगदीं सारख्या दिसत नाहींत, असें ती म्हणते. पण तसें कोणाचें तरी असतें काय?

रुजलेली चरबी तिच्या देहाचीच झाली आहे. ती जाड झाली तर ही वाढेल, रोडावली तर आटेल, आणि म्हातारपणीं ओघळेल. जिवंत वस्तूचें टिकणें याहून निराळें असूं शकत नाहीं.

गेल्या दिवाळींत ती कापसाचा एक मोठा पुडा घेऊन आली व मामीपुढें ठेवून म्हणाली, “वाती कर.” त्या वाती अजून पुरत आहेत.