जिथे पेंग्विन आहे आणि बेडूक नाही

काळ्याकुळकुळीत लाव्हाच्या खडकावर पेंग्विन उभा आहे! आजूबाजूला बर्फाचा कणही नाही. टोपीखाली कपाळ भाजतंय असं ऊन, आणि विषुववृत्त इथून उत्तरेला पन्नासेक किलोमीटरच्या आत. पक्षी जेमतेम अर्धा मीटर उंच. चोच उघडी टाकून धापा टाकतोय आणि दोन्ही पंख असे पुढे झुकवून धरलेत, की त्यांची सावली स्वतःच्या पावलांवर पडावी. पेंग्विनचे पाय उन्हाने भाजतात, असं मला कुणी घरी बसून सांगितलं असतं तर मी मुळीच विश्वास ठेवला नसता.

गालापागोस बेटांच्या पश्चिम टोकाला, इसाबेला आणि फर्नांदिना या दोन बेटांमधल्या सामुद्रधुनीत आमची होडी डोलत होती. इक्वेडोरच्या किनाऱ्यापासून हे सगळं सुमारे १००० किलोमीटर दूर, भर पॅसिफिकमध्ये. खडक मात्र ओळखीचा निघाला. बेसॉल्ट! आपल्या रायगडाचा, राजगडाचा कडा याच दगडाचा. पण आपला लाव्हा साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा. पावसाने झिजलेला, मातीने, गवताने झाकलेला. फर्नांदिनाचा ज्वालामुखी अजून जागा आहे. तिथला लाव्हा काल ओतून आज गोठल्यासारखा दिसतो, त्याच्या सुरकुत्यासुद्धा जशाच्या तशा. सह्याद्री तान्हा असताना असाच दिसला असेल का, या विचाराने मी कितीतरी वेळ त्या काळ्या पसाऱ्याकडे बघत राहिले.

मग पाण्यात हात घातला, आणि कोडं सुटलं. पाणी गार, अगदी हाडापर्यंत झोंबणारं! ऑगस्टातला मालवणचा समुद्र कितीही खवळलेला असला तरी अंगाला कोमट लागतो. मालवण तर विषुववृत्तापासून सोळा अंश दूर. इथे ऐन विषुववृत्तावर ही थंडी कुठून आली? दक्षिणेकडून, चिली-पेरूच्या किनाऱ्याने हम्बोल्ट प्रवाह गार पाणी आणतो. शिवाय समुद्राच्या पोटातून पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारा क्रॉमवेल प्रवाह नेमका याच बेटांवर येऊन आदळतो आणि तळाचं थंड, पोषक पाणी वर उसळतं. त्या पाण्यात शेवाळ, शेवाळावर मासे, माशांवर पेंग्विन. हा पक्षी नकाशावरचे अक्षांश वाचत नाही, पाण्याची थंडी वाचतो. म्हणूनच या जातीचे बहुतेक सगळे पेंग्विन या दोन पश्चिमेकडच्या बेटांनाच धरून आहेत.

आणि इग्वाना! खडक हलल्यासारखा वाटला म्हणून नीट पाहिलं, तर खडकावर शेकडो काळे सरडे एकमेकांच्या अंगावर पसरून ऊन खात होते. आकाराने आपल्या घोरपडीएवढे, पाठीवर काटेरी तुरा. मधूनच एखादा नाकातून खारं पाणी फुर्रकन उडवतो. एक उठतो, सावकाश चालत लाटेत शिरतो, बुडी मारतो आणि खाली खडकावरचं शेवाळ खरवडून खातो. समुद्रात चरणारा सरडा साऱ्या जगात एवढाच. पाण्यातून आला की गारठलेला, म्हणून पुन्हा उन्हात पालथा.

एल निन्यो हा शब्द आपल्याला पावसाळ्याच्या तोंडावर धडकी भरवतो. तो आला की बहुधा आपला मान्सून रुसतो. त्याच एल निन्योत इथलं पाणी तापतं, तळाचं थंड पाणी वर येणं मंदावतं आणि शेवाळ मरतं. १९८२-८३ च्या एल निन्योत इथल्या पेंग्विनांपैकी तीन चतुर्थांशाहून अधिक नाहीसे झाले. उपाशी इग्वानांची तर अंगाची लांबीच घटते, वीस टक्क्यांपर्यंत. आणि जमिनीवर त्याच वेळी धो धो पाऊस, सगळं हिरवंगार, फिंच पक्ष्यांची घरटी पिल्लांनी भरलेली! मराठवाड्यातलं करपलेलं रान आणि इथला हडकलेला इग्वाना एकाच समुद्राच्या तापाने पोळतात, हे मला तिथे त्या खडकावर पहिल्यांदा जाणवलं.

पण सगळ्यात मोठं आश्चर्य सांता क्रूझ बेटावर होतं. उत्तर टोकापासून दक्षिणेच्या प्वेर्तो आयोरा गावापर्यंत रस्ता अवघा चाळीसेक किलोमीटर. सुरुवातीला माण-खटावच्या उन्हाळ्याची आठवण व्हावी असा रखरखाट. पालो सांतोची पांढुरकी, निष्पर्ण झाडं आणि निवडुंग. निवडुंग म्हणजे आपला फड्याच, त्याचं मूळ घरही अमेरिकाच. पण इथे त्याला चक्क खोड आहे, तांबूस सालीचं, आणि उंची दुमजली घराएवढी! गाडी चढू लागते. हवा ओलसर होते. आणि एका वळणानंतर आपण ढगात असतो. काचेवर पाणी, फांद्यांवरून लोंबणारं शेवाळ, नेचे, ठिबकणारी पानं. जून ते नोव्हेंबर इथे हे धुकं असतं, गारुआ. आग्नेयेचे वारे डोंगराच्या दक्षिण अंगाला ओल देतात आणि उत्तर अंग कोरडं राहतं. महाबळेश्वरला साडेपाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस आणि पसरणीचा घाट उतरून वाईला आलं की हजारही नाही, तेच गणित. फक्त आपला सह्याद्री तिथे तेराशे-चौदाशे मीटरचा, आणि या बेटाचा माथा ८६४ मीटर.

त्या धुक्यातलं जंगल स्कालेसियाचं. झाडं दहा-पंधरा मीटर उंच, माथा छत्रीसारखा, आणि कूळ? सूर्यफुलाचं! कासच्या पठारावर सप्टेंबरात गुडघ्याएवढी सोनकी पिवळीधमक फुलते ना, तिच्याच कुळातलं हे झाड. मोठ्या वृक्षांचं जड बी समुद्र ओलांडून इथवर फारसं आलंच नाही. जे हलकं बी पोहोचलं, त्याला जागा मोकळी मिळाली आणि ते झाड होऊन बसलं.

गाडीतून उतरले. धुकं, ओल, कुजलेल्या पानांचा वास, सगळं हुबेहूब आंबोली. कान आपोआप बेडकांची वाट बघू लागले. आंबोलीच्या जुलैत रात्री बेडकांच्या गजरात शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नाही. इथे काहीच नाही! या बेटांवर मूळचा एकही बेडूक नाही. हवा त्याला मानवणारी, पाणथळ जागा तयार, खायला किडे आहेत. पण त्याची पातळ कातडी आणि मऊ अंडी हजार किलोमीटर खारं पाणी सोसत नाहीत. ही बेटं कधीच कुठल्या खंडाला जोडलेली नव्हती, त्यामुळे चालत येण्याचाही मार्ग नव्हता. तरंगत येऊ शकणारं, अन्नपाण्याविना महिनोन् महिने तग धरणारं कासव पोहोचलं आणि इथला राजा झालं. धुक्यात मोठा दगड वाटावा असं ते गवतात बसलेलं होतं, सुऽऽस असा श्वास सोडत. खाली पाऊस असेल तेव्हा ही कासवं उतरून जातात, खाली सुकलं की पुन्हा या ओल्या माथ्यावर चढतात. अगदी आपल्या धनगरांच्या वाटेसारखी त्यांची वाट ठरलेली.

समुद्राने अडवलेल्यांना आता माणूस आणून सोडतो आहे. एक छोटा झाडबेडूक १९९० च्या दशकाच्या शेवटी मालाबरोबर आला आणि काही पाणथळींत ओरडू लागला. कासवाच्या तोंडाला लागलेलं फळ पाहिलं तर पेरू! परसातला आपला लाडका पेरू तिथे उच्छाद मांडून बसलाय. कासवं तो आवडीने खातात आणि चालता चालता बी पेरत जातात. स्कालेसियाच्या उरल्यासुरल्या जंगलात काटेरी रानरास्पबेरीचं रान माजलंय आणि ती तर मूळची आशियातली, आपल्या हिंदुस्थानातल्या डोंगरांवरही वाढणारी. कामगार कोयते घेऊन ती तोडतात, ती पुन्हा फुटते. तिच्या दाट सावलीत स्कालेसियाचं रोप डोकं वर काढत नाही.

म्हणून कधी तिकडे गेलात, तर निघण्याआधी बूट घासून धुवा, बॅगेचे कप्पे झटका, मोज्यांना चिकटलेली कुसळं एकेक करून काढा. विमानतळावर तपासणी होतेच, पण तिच्या भरवशावर राहू नका.