आवाज येतोय का?

माझ्या ओळखपत्रावर 'सॉफ्टवेअर इंजिनिअर' असं लिहिलंय. ठाकूरद्वारला आमच्या चाळीत मात्र सगळ्यांना ठाऊक आहे की मी 'कंपनीत वायरी जोडतो'. शेजारच्या आजी रिमोट घेऊन येतात, "बघ रे जरा, चित्र दिसतंय पण बोलत नाही." दोन्ही माहिती बरोबर आहे. लोअर परळच्या एका कंपनीत ४० मीटिंग रूम आहेत. त्यांतले माईक, कॅमेरे, स्पीकर, स्क्रीन चालू ठेवणं हे आमच्या टीमचं काम. टीममध्ये कंपनीच्या पगारावर मी एकटा, बाकीचे तिघं कंत्राटी.

आम्हाला फोन येतो तेव्हा मीटिंग सुरू झालेली असते आणि खोलीतला सगळ्यात मोठा साहेब सगळ्यात शांत असतो. स्क्रीन काळी असेल तर केबल काढून परत लावायची. लोक हसतात, पण त्यामागे कारण आहे. केबल लावली की स्क्रीन लॅपटॉपला आधी स्वतःची ओळख सांगते, मला अमुक इतकं मोठं चित्र झेपतं म्हणून. ती ओळख अर्धवट राहिली तर पुन्हा करून द्यावी लागते, बस.

एकोचं प्रकरण मात्र मला अजून मजेशीर वाटतं. आपलाच आवाज आपल्याला परत ऐकू आला की माणूस आपल्या खोलीतली बटणं दाबत सुटतो. बिघाड बहुतेक वेळा समोरच्या खोलीत असतो. तिथल्या स्पीकरमधून निघालेला आपला आवाज तिथलाच माईक उचलतो आणि परत पाठवतो. तिथल्यांना काहीच ऐकू येत नाही, त्यामुळे ते छातीठोकपणे सांगतात, "आमच्याकडे सगळं ओके आहे."

हे मला कॉलेजात कुणी शिकवलं नाही. कंत्राटी तिघांतल्या काकांनी शिकवलं. ते गिरगावातल्या गणपतीच्या मंडपात अ‍ॅम्प्लिफायर सांभाळत मोठे झाले. खोलीत शिरले की आधी एक टाळी वाजवतात आणि ती किती वेळ रेंगाळते ते ऐकतात. एकदा स्पीकरमधून सारखी घरघर येत होती. मी सेटिंग्ज उघडून बसलो होतो. काका म्हणाले, "चार्जर काढ." काढला, घरघर बंद. लॅपटॉपचं अर्थिंग एकीकडे, अ‍ॅम्प्लिफायरचं दुसरीकडे, आणि मधल्या वायरीतून विजेची ५० हर्ट्झची गुणगुण फिरत होती.

आमच्या भागाला आवाजाची ही कटकट नवी नाही. 'आलम आरा', भारतातला पहिला बोलपट, १४ मार्च १९३१ ला गिरगावातल्याच मॅजेस्टिक सिनेमात लागला. स्टुडिओजवळून रेल्वे जायची, म्हणून बरंचसं चित्रीकरण रात्री गाड्या थांबल्यावर करत. आवाज चित्राबरोबर त्याच फिल्मवर उतरायचा, नंतर डागडुजीला फारसा वाव नाही. माईक नटांच्या आसपास लपवलेले. पोस्टरवर नटनट्यांची नावं असतात. ते माईक लपवणारे कोण होते, हे मला शोधून सापडलं नाही. सिनेमाचीही आता एकही प्रत उरलेली नाही.

गेल्या वर्षी मला एक डॅशबोर्ड बनवायला सांगितला. प्रत्येक उपकरणाला दर मिनिटाला हाक मारायची. ओ दिली तर हिरवा ठिपका, नाही तर लाल. लाल झाल्यास दुरूनच रीस्टार्ट. कोड लिहायला मिळतोय म्हणून मी खूश होतो, आणि डॅशबोर्ड चांगला झालाय, हे मी उगाच नम्रपणे लपवणार नाही. मग मॅनेजरनी विचारलं, "किती तक्रारी माणूस न जाता सुटल्या, त्याचा आकडा मिळेल?" असा आकडा कशासाठी लागतो हे कळायला डिग्री लागत नाही.

आकडा मी दिला. खोटा द्यायचा नव्हता. पण डॅशबोर्ड फक्त उपकरण जिवंत आहे का ते विचारतो. पलीकडच्या माणसाला ऐकू येतंय का, ते नाही. म्हणून तीन महिन्यांच्या तक्रारी काढल्या आणि ठिपका हिरवा असताना कुणाला तरी धावत जावं लागलं त्या वेगळ्या केल्या. त्या निम्म्याहून जास्त निघाल्या. प्रत्येकीपुढे कोण गेलं ते नावानिशी लिहिलं. घरघर, एको, टेबलावरच्या माईकवर कुणीतरी ठेवलेली फाईल.

मॅनेजर म्हणाले, "वरती पाठवतो." कंत्राट मार्चअखेरपर्यंत आहे. काकांना मी हे सगळं सांगितलंय. ते म्हणाले, "बरं. आठव्या मजल्यावरची ती मोठी खोली बघून घेऊ आधी, साडेनवाला सिंगापूर आहे."