पाचाचे तीन

माझ्या स्पीकरांना एका मासिकाने पाच स्टार दिले आणि पुढच्याच वर्षी त्याच मासिकाने त्यांना तीनवर आणून बसवलं. मॉडेल तेच, आतली युनिट्स तीच, किंमतही जवळपास तीच. या गोष्टीला बरीच वर्षं झाली, तरी विषय निघाला की माझं डोकं अजून तापतं.

आधीचं थोडक्यात सांगतो. मुंबईच्या फोर्टात हुतात्मा चौकाच्या फुटपाथवर जुन्या पुस्तकांच्या ढिगांत परदेशी हाय-फाय मासिकं मिळायची, वर्ष-दोन वर्षं शिळी. ऑफिस सुटलं की मी तिथे. घरात कॉस्मिकचा अँप्लिफायर होता, आणि त्या मासिकांतल्या वस्तू आयात शुल्कामुळे स्वप्नातही परवडणाऱ्या नव्हत्या. पुढे बाजार उघडला, लॅमिंग्टन रोडला परदेशी नावं दिसू लागली, घराचं कर्ज फिटलं. मग मी पाच स्टारचा तो अंक हातात धरून स्पीकर घेतले.

स्पीकर चांगले होते. आजही म्हणतो. किशोरीताई आमोणकरांचा आवाज त्यांच्यातून नुसता गोड नाही, तर एका जागी उभा असल्यासारखा यायचा आणि तानपुरे त्याच्या मागे, वेगळे ऐकू यायचे. मासिकाने लिहिलं होतं की आवाज मोकळा आणि जिवंत आहे, आणि तो तसाच होता.

वर्षाने सहा स्पीकरांची तुलना छापून आली. त्यात माझा तळाकडे. आता तोच आवाज पातळ होता, उतावीळ होता, खालच्या सुरांत दम नव्हता. आधी पाच का दिले होते, यावर एक ओळ नाही. आपणच गेल्या वर्षी हे ऐकून वाखाणलं होतं, याची साधी आठवणही कुठे नाही. मी दोन्ही अंक शेजारी उघडे ठेवून ओळ न् ओळ ताडून पाहिली. पहिल्या वेळी ज्या गुणाचं कौतुक, दुसऱ्या वेळी त्याच गुणावर ठपका. दुसऱ्या वेळी खोली कोणती, अँप्लिफायर कोणता, ऐकणारा माणूस तोच की दुसरा, काही कळायला मार्ग नाही. बरं, नवे स्पीकर आले म्हणून जुने मागे पडले असं म्हणावं, तर ज्याला पाच स्टार मिळाले तो स्पीकर त्याच कंपनीचा, थोडा वेगळा आकार आणि नवा नंबर लावलेला. मी पत्र लिहिलं. उत्तर आलं, दोन ओळींचं: स्टार हे त्या वेळच्या स्पर्धेच्या तुलनेत असतात. असतीलही. पण मग 'पातळ' आणि 'मोकळा' हे शब्द कशाच्या तुलनेत होते? स्टार स्पर्धेने घटतील, आवाजाचं वर्णन कसं उलटं होईल?

हे इथेच थांबलं असतं तर एवढं लागलं नसतं. घर बदलताना मोठे स्पीकर घ्यावेत म्हणून मी जुने बदल्यात द्यायला दुकानात गेलो. काउंटरवरच्या मुलाने टेबलाखालून तोच नवा अंक काढला, ठळक छापलेल्या तीन स्टारांवर बोट ठेवलं आणि म्हणाला, "साहेब, याला आता मार्केट नाही. अर्धी किंमतही यायची नाही." मला विकताना त्याच दुकानाच्या काचेवर पाच स्टारचं कात्रण चिकटवलेलं होतं. मी ते सांगितलं. तो म्हणाला, "ते जुनं झालं." लाकूड तडकलेलं नाही, रबरी कड फाटलेली नाही, आवाजात खरखर नाही, आणि माणूस वस्तू न ऐकताच तिची किंमत सांगतो! मी स्पीकर रिक्षात घालून परत आणले.

त्यानंतर मी मासिकं वेगळ्या पद्धतीने वाचू लागलो. मोजमापांचं पान आधी, कौतुक नंतर. पहिल्या परीक्षणात खालच्या चौकटीत बारीक अक्षरात लिहिलं होतं: संवेदनशीलता ८४ डेसिबल. संवेदनशीलता म्हणजे ठरावीक वॉटवर स्पीकर किती मोठा वाजतो ते. परीक्षकाचा अँप्लिफायर दीडशे वॉटचा, माझा चाळीसचा. वॉट दुप्पट केले की आवाज फक्त ३ डेसिबलने चढतो, आणि कानाला दुप्पट वाटायला दहापट वॉट लागतात. ९० डेसिबलचा स्पीकर चाळीस वॉटवर जेवढा वाजेल, तेवढा वाजायला ८४ वाल्याला एकशे साठ हवेत. खरेदी करणाऱ्याला उपयोगाची माहिती ही, आणि ती चौकटीत कोंबलेली.

दुसरी गोष्ट खोलीची. आमची खोली दहा बाय बारा. समोरासमोरच्या भिंतींत दहा फुटांचं अंतर असलं की साधारण ५६ हर्ट्झला आणि बारा फुटांना ४७ हर्ट्झला लाट अडकून बसते, तशीच त्यांच्या दुपटीला, ११३ आणि ९४ ला. डग्गा घुमायला लागला की कपाटाची काच थरथरायची ती यामुळे. स्पीकर भिंतीपासून हातभर पुढे ओढले, फरशीवर जाड सतरंजी टाकली, मागे पुस्तकांचं कपाट सरकवलं. सतरंजीने वरच्या सुरांची चकाकी उतरली आणि जागा बदलल्याने खालची घुसमट बरीच कमी झाली. एवढा बदल कुठल्याही महागड्या वायरने केलेला मी ऐकलेला नाही. स्पीकर घेणाऱ्या प्रत्येकाला माझं सांगणं आहे: आधी खोलीत चार ठिकाणी ठेवून ऐका, मग पैशाचं बोला.

वायर आणि अँप्लिफायर यांवर मासिकांनी जी पानं खर्ची घातली त्यांचा मला राग येतो. भाचा इलेक्ट्रॉनिक्सचा. त्याने दोन अँप्लिफायर आणले, १००० हर्ट्झचा सूर लावून स्पीकरच्या टर्मिनलवर मल्टिमीटरने व्होल्ट मोजले आणि दोघांचे अगदी सारखे केले. किंचित मोठा आवाज कानाला नेहमी 'जास्त चांगला' वाटतो, म्हणून ही खटपट. मग चादरीआडून तो अदलाबदल करत राहिला. मला फरक सांगता आला नाही, जागा बदलल्यावर त्यालाही नाही. मासिकात याच दोन अँप्लिफायरांत जमीन-अस्मानाचं अंतर होतं.

न बघता ऐकलं की मत बदलतं, हे ध्वनिसंशोधक फ्लॉइड टूल आणि शॉन ऑलिव्ह यांनी १९९४ साली स्पीकरांच्या बाबतीत दाखवलं. त्यांच्या कंपनीच्याच कर्मचाऱ्यांना स्पीकर न दाखवताही ऐकवले आणि दाखवूनही. दिसू लागल्यावर मतं हलली, मोठ्या आणि भारी दिसणाऱ्यांचे गुण चढले. परीक्षक तर डब्याचं नाव, किंमत, लाकडाचं पॉलिश सगळं बघत ऐकतो.

तरीही मोजमापं म्हणजे सगळं, असं मी म्हणणार नाही. जे. गॉर्डन होल्ट यांनी १९६२ साली 'स्टिरिओफाइल' हे नियतकालिक काढलं ते कानाने ऐकून निवाडा द्यायचा या आग्रहाने, आणि तो आग्रह योग्य होता. हॅरी पीअर्सन यांनी १९७३ साली 'द अ‍ॅब्सोल्यूट साउंड' सुरू केलं, त्यांची कसोटी होती विजेच्या मदतीशिवाय प्रत्यक्ष वाजलेलं संगीत. ही कसोटी मला पूर्ण पटते. पण आपल्याकडे ती लावायची कशी? मंडपातलं गाणं आपण भोंग्यांतूनच ऐकतो. माझ्या कानावर खरा आवाज पडला तो गिरगावातल्या एका घरगुती बैठकीत, माइक नव्हता, गायक दोन हातांवर. श्वास घेतलेला कळत होता, आणि तबल्याची शाई केवढी कोरडी वाजते तेही. ती रात्र कानात आहे म्हणून मी आज कुठल्याही स्पीकरबद्दल ठामपणे बोलू शकतो. मात्र त्या बैठकीत नेमकं काय ऐकायचं, हे मला मासिकांनीच शिकवलं होतं. आवाज कुठे उभा आहे, वाद्यांमधली जागा कशी ऐकू येते, सूर विरताना त्याचं शेपूट किती लांब राहतं, हे शब्द मी तिथूनच घेतले.

भाचा परवा म्हणाला, "मामा, एवढी चीड आहे तर वर्गणी बंद का करत नाही?" मी त्याला म्हटलं, आधी त्यांनी खोलीची लांबी-रुंदी छापावी, अँप्लिफायरचे वॉट दर वेळी छापावेत, आणि स्टार काढून घेतले तर कोणत्या कारणाने काढले ते जुन्या अंकाचा महिना देऊन छापावं. हेच मी परत लिहून पाठवतो आहे, या वेळी दोन्ही अंकांच्या झेरॉक्स जोडून.