अस्वलांच्या मुलखातील पिस्तूल

ज्याने सारी हयात खडू आणि क्वचित छडी यांवाचून दुसरे शस्त्र हाती धरले नाही, त्याने पिस्तुलाविषयी लिहावे, याचे वाचकांस हसू येईल. परंतु गेल्या श्रावणात आम्ही उभयता चिरंजीवांकडे अमेरिकेतील माँटाना राज्यात बोझमन गावी राहावयास गेलो असता, त्या घरात पंधरा दिवस जो वाद चालला होता त्याचा विषय हाच होता.

बोझमनच्या दक्षिणेस गॅलाटिन नावाची पर्वतरांग आहे. तेथील अरण्यात दोन रात्री तंबूत राहण्याचा बेत चिरंजीवांनी आखला होता. हा मुलूख ग्रिझली अस्वलांचा. हे जनावर ताशी पन्नास किलोमीटरांहून अधिक वेगाने धावते. म्हणजे तीस पावलांवर दिसले तर माणसास विचार करावयास दोन पळेही नव्हे, दोन सेकंद मिळतात. चिरंजीवांचे म्हणणे असे की बरोबर पिस्तूल हवे. सूनबाईंचे म्हणणे, तिखटाचा फवारा असलेला डबा पुरे. घरात सात वर्षांचे पोर आहे, पिस्तूल नको. शेवटी दोघेही आमच्याकडे आली. “नाना, तुम्हीच सांगा,” असे सूनबाई म्हणाल्या. मास्तरकीची सवय वाईट. ठाऊक नसलेल्या विषयातही निकाल द्यावासा वाटतो. तरी आम्ही मुदत मागून घेतली.

शेजारी एक वृद्ध शिकारी गृहस्थ राहत. दर शरदात ते एल्क नावाच्या मोठ्या सांबरासारख्या हरणाच्या शिकारीस जात. चिरंजीवांस पिस्तूल निवडून देण्याचे काम त्यांनी पत्करले आणि दुभाषी म्हणून आमचा नातू मध्ये बसला. गृहस्थांनी प्रथम आपले जुने चक्री पिस्तूल दाखविले. ते चव्वेचाळीस मॅग्नम जातीचे. ही काडतुसे १९५५-५६ पासून प्रचारात आली. रिकामे असतानाच वजन सव्वा किलोच्या आसपास, गोळ्या सहा. त्याचा हिसका असा की नवशिक्याची दुसरी गोळी आकाशात जावी. त्याच्या शेजारी त्यांनी ग्लॉक कंपनीचे दहा मिलिमीटरचे पिस्तूल ठेवले. त्यात पंधरा काडतुसे मावतात, हिसका बेताचा. मात्र एकेका गोळीचा जोर चव्वेचाळीसहून उणा. “मोठे कोणते हे विचारू नका,” ते म्हणाले, “दोन सेकंदांत बाहेर काढून तुम्ही कशाने नेम साधाल ते विचारा.” हे वाक्य आम्हांस फार पटले. अमरकोश कपाटात असणे निराळे आणि मुखोद्गत असणे निराळे.

पुढे आणखी दोन गोष्टी त्यांनी सांगितल्या. माणसांवर वापरावयाची पोकळ टोकाची गोळी अस्वलाच्या चरबीत व स्नायूंत लवकर पसरून थांबते. येथे कठीण शिशाची, न पसरणारी, खोल शिरणारी गोळी हवी. आणि पिस्तूल कमरेस लावून उपयोग नाही, कारण पाठीवरच्या बोजाचा पट्टा नेमका तेथेच येतो. म्हणून त्याचे म्यान छातीवर बांधावे. ग्लॉकला बाहेरून बंद करावयाची निराळी कळ नसते. सुरक्षितपणा सगळा घोड्याच्या रचनेत आणि तो झाकणाऱ्या म्यानात. “म्हणून रात्रीही म्यानाबाहेर ठेवू नये,” असे त्यांनी बजावले. चिरंजीवांनी दहा मिलिमीटरचे घेतले व दर शनिवारी नेमबाजीच्या मैदानावर जाऊ लागले.

सूनबाईंनी आपली बाजू सोडली नाही. अस्वलांचे अभ्यासक टॉम स्मिथ व स्टीफन हेरेरो आणि त्यांचे सहकारी यांचा अलास्कातील घटनांवरचा २००८ सालचा निबंध त्यांनी पुढे केला. त्यात तपकिरी अस्वलांचे वर्तन फवाऱ्याने शेकडा ९२ प्रसंगी थांबले, असे आहे. चिरंजीवांनी त्याच मंडळींचा २०१२ सालचा निबंध काढला. त्यात २६९ घटना असून पिस्तुलांचे यश शेकडा ८४ दिले आहे. दोन्ही गणितांची सामग्री निराळी, तेव्हा ९२ ला ८४ शी भिडविणे योग्य नव्हे, हे आम्ही दोघांनाही सांगितले. मात्र दुसऱ्या निबंधात एक गोष्ट अशी होती की ती चिरंजीवांनी वाचून दाखविली नव्हती. जवळ बंदूक असलेल्यांपैकी ज्यांनी ती झाडली आणि ज्यांनी झाडली नाही, त्यांना झालेल्या इजांत फरक आढळला नव्हता.

आमच्यापुरता प्रश्न कायद्यानेच सोडविला. पाहुणा म्हणून आलेल्या परकीयास, शिकारीचा परवाना यासारखे अपवाद वगळता, तेथे बंदूक जवळ बाळगता येत नाही. म्हणून डबा आमच्या छातीवर आला. सौभाग्यवतींनी ते ओडोमॉससारखे अंगास चोळावयाचे औषध समजून झाकण काढले होते. सूनबाईंनी वेळीच हात धरला. त्याचा झोत नऊ-दहा मीटर जातो, तो अस्वलाच्या तोंडासमोर ढग उभा करण्यासाठी. कपड्यांस लावल्यास उलट त्या वासाने अस्वल येण्याची भीती.

अरण्यात पहिला दिवस आनंदात गेला. वळणावळणावर टाळ्या वाजवीत व मोठ्याने बोलत चालावयाचे, म्हणजे अस्वल अवचित दचकत नाही. आम्ही रूपावली म्हणत चाललो. नातवाने ‘रामः रामौ रामाः’ त्या खोऱ्यात दुमदुमविले. रात्री शिधा तंबूंपासून दूर झाडावर टांगून झोपलो.

पहाटे तीनच्या सुमारास आम्ही लघुशंकेसाठी उठलो. कानातील यंत्र झोपताना काढून ठेवले होते. बत्ती लावून इतरांची झोप कशास मोडावी, म्हणून अंधारातच निघालो. परत येताना वाट चुकून चिरंजीवांच्या तंबूच्या दोरीस अडखळलो आणि हाताने तंबूचे कापड दाबले गेले. आत चिरंजीवांनी दोनदा “कोण आहे?” म्हणून विचारले, असे मागाहून कळले. आम्हांस ऐकू आले नाही. मग एकाएकी आतून प्रकाश पडला व पडदा उघडला. सूनबाईंच्या हाती बत्ती होती. चिरंजीवांच्या हातात म्यानाबाहेर काढलेले पिस्तूल, आणि ते व आमची छाती यांत दोन हातांचे अंतर. त्यांचे बोट घोड्यावर नव्हते. शनिवारच्या सरावाने तेवढे शिकविले होते. परंतु हात मात्र पिंपळपानासारखा हलत होता.

दशरथाने अंधारात केवळ घागरीच्या आवाजावर बाण सोडल्याची कथा आम्ही किती वर्गांस शिकविली, याची गणती नाही. शब्दवेधाची स्तुती करून आम्ही समासांकडे वळत असू. त्या रात्री तंबूबाहेर ओल्या गवतावर बसलो असता, त्या कथेत राजाला आवाज चांगला ऐकू येत होता हेच सारे संकट, ही गोष्ट प्रथम ध्यानात आली. आणि आमचा दोषही लहान नव्हता. बत्ती न लावता निघणारे आम्हीच.

सकाळी चहा घेताना चिरंजीव म्हणाले, “नाना, आपण परत जाऊ या का?” आम्ही म्हणालो, “दोन रात्रींचा बेत आहे, एकच झाली.” राहिलो. त्यांनी पिस्तूल म्यानात घालून वर बत्ती बांधली. बत्ती सोडल्याशिवाय पिस्तूल निघू नये अशी गाठ मारली. सूनबाईंनी ती ओढून पाहिली. आम्ही कानातील यंत्र रात्रभर काढले नाही. अस्वल दोन्ही दिवस दिसले नाही. एके ठिकाणी चिखलात त्याच्या नखांचे ठसे मात्र होते, नातवाचा पंजा त्यांत सहज मावला.

निघण्याच्या आदल्या दिवशी डबा शेजारच्या गृहस्थांस देऊन टाकला, कारण विमानात तो कोठल्याही सामानातून नेता येत नाही. त्यांनी चष्मा लावून बुडाशी छापलेली मुदत वाचली आणि म्हणाले, “अजून तीन वर्षे चालेल. तेवढ्यात पुन्हा या.”