बदगुमानी

गाडीच्या डॅशबोर्डवर सूचना आली: कूलिंग सिस्टीममध्ये बिघाड. आमची गाडी हायब्रिड. इंजिनाचं कूलंट वेगळं, इन्व्हर्टरचं वेगळं. पहिल्या गॅरेजने न तपासताच इन्व्हर्टरचा पंप बदला म्हणून सांगितलं. अम्मीच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी ठेवलेले पैसे त्यात गेले असते.

दुसरे मिस्त्रीचाचा फजरनंतर घरीच आले. स्कॅनर लावला. रात्रभर उभी गाडी, तरी तापमान शंभराच्या वर! गाडी चालू करून त्यांनी इन्व्हर्टरच्या टाकीत डोकावलं. कूलंट खळखळत होतं, म्हणजे पंप ठीक. सेन्सरचा प्लग काढला, तर पिनांमध्ये ओल आणि हिरवा गंज. साफ केला, कोड पुसला. सूचना पुन्हा आली नाही.

वर्गात काही हरवलं, की मी ठरावीक पोराचंच दप्तर आधी उघडायला लावतो. आता सांगणाऱ्यालाही दोन प्रश्न विचारीन.