दुसरं व्हायोलिन

आमच्या फोंड्याच्या घरी कपाटावर व्हायोलिनच्या दोन पेट्या असायच्या. एक ताईची, एक माझी. दर शनिवारी आम्ही बसने मडगावला सरांकडे शिकायला जायचो. मी तेरा वर्षांचा असताना सरांनी बाखचा दोन व्हायोलिनांचा डी मायनर कॉन्चेर्टो काढला. ताईला पहिलं व्हायोलिन, मला दुसरं. परतताना मी बसमध्ये एक शब्द बोललो नाही. पुढे इंजिनीअरिंगला गेलो आणि पेटी कायमची वर गेली.

दुसरं म्हणजे साथीचं, असा माझा समज होता. तो साफ चुकीचा होता.

बाखने लाइपझिगमध्ये साधारण १७३०च्या सुमारास स्वतः उतरवलेले या रचनेचे काही कागद आजही आहेत. मागे तंतुवाद्यांचा लहानसा ताफा आणि हार्पसिकॉर्ड. पुढे दोन व्हायोलिनं, अगदी तोलामोलाची. पहिला भाग सुरू होतो तो दुसऱ्या व्हायोलिनवर. चार मापं ते धून मांडतं, मग पहिलं तीच धून पंचमाला षड्ज मानून उचलतं. जुगलबंदी म्हणाल, तर तशी नाही. इथे सगळं लिहिलेलं असतं, कुणी कुणाला हरवत नाही.

मधला संथ भाग तर ऐकाच. बारा मात्रा, तीन-तीनचे चार झोके. इथेही आधी दुसरंच निघतं, दोन मापांनी पहिलं येतं. मग एक जण लांब सूर धरून थांबतो, दुसरा त्याला खेटून खाली उतरतो. क्षणभर खटकतं, मग सुटतं. वाद्यवृंद मागे नुसता आधार देत राहतो. शेवटच्या भागात मात्र पहिलं पुढे आणि दुसरं जेमतेम एका मात्रेने मागे. श्वास घ्यायची सोय नाही. (आमच्या धंद्यात दोन थ्रेड इतके जवळून धावले, की आम्हाला घाम फुटतो.)

बाबा गेल्यावर घर विकायचं की ठेवायचं, यावरून ताईचं आणि माझं बिनसलं. चूक माझी जास्त. मी तिला ऑफिसात लिहितो तसा ईमेल लिहिला. मुद्दे, आकडे, जोडपत्र. ती पुण्यात, मी पणजीत. आठ महिने फोन नाही.

मागच्या श्रावणात घर साफ करताना पेटी खाली काढली. आत सरांच्या पेन्सिलीच्या खुणांसकट दुसऱ्या व्हायोलिनचे कागद होते. नव्या तारा चढवल्या. दीड महिना रोज रात्री मुलं झोपल्यावर, दार लावून तो संथ भाग घासला. एकट्याने वाजवताना फार विचित्र वाटतं. लांब सूर धरायचा, आणि ज्याच्यासाठी धरला तो येतच नाही.

शेवटी फोनवर माझा भाग ध्वनिमुद्रित केला आणि ताईला पाठवला. सोबत काही लिहिलं नाही. सुरुवात दुसऱ्यानेच करायची होती.

दोन निळ्या खुणा लगेच आल्या. उत्तर नाही. चौथ्या दिवशी तिची क्लिप आली. माझ्या वाजवण्यावर तिने पहिलं व्हायोलिन वाजवलं होतं, थोडं बेसूर, हात बसलेला नव्हता. खाली लिहिलं होतं, "उतरताना अजून धावतोस. दिवाळीला येते, तेव्हा घराचंही बोलू. माझी पेटी खाली काढून ठेव."