समुद्रावरची पोस्त

आमच्या घरी दिवाळीची पोस्त देण्याचे काम पहिल्यापासून यांच्याकडे. पोस्टमन, दूधवाला, सोसायटीचा वॉचमन, जिना झाडणाऱ्या बाई, अशा प्रत्येकाच्या नावाचे पाकीट वसुबारसेच्या आधीच तयार असे आणि ते देताना हे खुर्चीवरून उठून उभे राहत. तीन वर्षांपूर्वीच्या दिवाळीत वॉचमनला एकाच दिवशी तीन पाकिटे मिळाली. मला ते कळले तेव्हा पैशांचे काही वाटले नाही. पण डॉक्टरांनी उच्चारलेला ‘डिमेन्शिया’ हा शब्द तोवर मी फाइलमध्येच ठेवला होता, तो त्या दिवशी घरात आला.

तुमच्यापैकी जे अशा माणसाची देखभाल करीत असतील, त्यांना पुढचे सांगावयास नको. चेकबुक, एटीएमचे कार्ड, कपाटाची किल्ली, एकेक गोष्ट आपल्याकडे घ्यावी लागते आणि प्रत्येक वेळी समोरच्या माणसाचा चेहरा पाहावा लागतो.

अशा दिवसांत आमच्या लग्नाला पन्नास वर्षे होत आली आणि मुलाने सिंगापूरहून निघणाऱ्या पाच रात्रींच्या क्रूझचा विषय काढला. पेनांग, फुकेत आणि परत सिंगापूर. डॉक्टरांनी संमती दिली; औषधांच्या वेळा सांभाळा, एकटे सोडू नका, एवढेच बजावले. मुलाने दोन कोटेशने पाठवली. पहिल्यात भाडे कमी होते, पण खाली बारीक अक्षरांत लिहिले होते की टिप वेगळी, ती जहाजावर खात्यात लावली जाईल. दुसऱ्यात टिप, पेये आणि वाय-फाय धरून सगळे एकत्र. ‘आई, दुसरे घे, कटकट नाही,’ असे त्याचे म्हणणे पडले.

वाचकहो, येथे कागद-पेन्सिल घेऊन बसावे. मीही बसले. मोठ्या जहाज कंपन्या दर माणशी, दर रात्री साधारण सोळा ते वीस अमेरिकन डॉलर टिप म्हणून आकारतात. मोठ्या स्वीटमध्ये राहिल्यास थोडी अधिक. दोन माणसे आणि पाच रात्री म्हणजे १६० ते २०० डॉलर. डॉलर अठ्ठ्याऐंशी रुपयांचा धरला, तर चौदा ते साडेसतरा हजार रुपये. दोन्ही कोटेशनांतला फरक एवढाच असता, तर प्रश्नच नव्हता. आमच्या कोटेशनांतला फरक त्याच्या तिपटीहून अधिक होता, आणि तो मुख्यतः पेयांमुळे होता. यांना रात्रीची झोपेची गोळी, मला मधुमेह. मद्य आम्ही दोघेही घेत नाही. सरबतेही मोजूनच. ज्या गोष्टीला आपण हात लावणार नाही, तिचे पैसे ‘टिप मोफत’ या शब्दांआड दडलेले असतात. काही कंपन्यांत तर केबिनमधल्या एका प्रौढाने मद्याचे पॅकेज घेतले, की दुसऱ्यालाही घ्यावे लागते. नवऱ्याला बिअर हवी म्हणून पथ्यावरच्या बायकोचेही पैसे भरायचे.

मी ट्रॅव्हल कंपनीत फोन करून विचारले, की केवळ टिप आधी भरता येईल का? येते, असे उत्तर आले. हा तिसरा मार्ग कोटेशनमध्ये कुणी आपणहून दाखवीत नाही, विचारावा लागतो. साधे भाडे आणि वर टिपेची रक्कम निघण्यापूर्वीच भरून टाकायची. पैसे तेवढेच जातात. एक बारीक फायदा मात्र आहे. आपल्याकडचे क्रेडिट कार्ड जहाजाच्या खात्याला जोडले, की डॉलरमधल्या प्रत्येक रकमेवर बँक बहुधा आपला अधिभार लावते. आम्ही टिप इथेच रुपयांत भरली.

खरोखरच सर्व काही भाड्यात धरणारी जहाजेही आहेत. ब्रिटनच्या पी अँड ओ क्रूझेसने २०१९ मध्ये वेगळी टिप बंद करून ती भाड्यात मिळवली. सीबोर्न, सिल्व्हरसी, रीजंट सेव्हन सीज या श्रीमंती जहाजांवरही टिप भाड्यातच असते. पण त्यांची भाडी आमच्यासारख्या निवृत्तिवेतनावर जगणाऱ्यांनी नुसती वाचावीत. इतरत्र ‘टिप धरून’ हे शब्द दिसले, तर एक प्रश्न अवश्य विचारा : बार, स्पा आणि वेगळ्या दराच्या उपाहारगृहांतले सेवाशुल्क यात आहे का? ते बहुधा नसते. तेथे प्रत्येक बिलावर अठरा ते वीस टक्के आपोआप चढतात. बंदरावर सामान उचलणारे हमाल, किनाऱ्यावरच्या सहलीतले गाइड यांचाही त्या टिपेशी संबंध नाही. आणि जहाजावरचा डॉक्टर तर नाहीच नाही. तेथील तपासणीचे बिल थेट खात्यात लागते आणि ते आपल्या गावच्या दवाखान्यासारखे नसते. म्हणून पेयांच्या पॅकेजचे वाचलेले पैसे मी जुन्या आजारांनाही संरक्षण देणाऱ्या प्रवासविम्यात घातले, आणि लिफ्टजवळची केबिन मागून घेतली.

आमच्या शेजारच्या एका गृहस्थांचा सल्ला निराळा होता. ते म्हणाले, ‘वेगळी टिप लावू द्या, आणि शेवटच्या दिवशी रिसेप्शनवर जाऊन काढून टाकायला सांगा. काढतात.’ खरे आहे, पुष्कळ जहाजांवर ती मागणी केल्यास कमी करतात वा काढतात. पण ही रक्कम केबिन आवरणारे, वाढणारे आणि आपल्याला कधीही न दिसणारे स्वयंपाकघरातले व धुलाईतले कामगार यांच्यात वाटली जाते, असे कंपन्या सांगतात. ही जहाजे बहुधा बहामा, पनामा अशा देशांत नोंदवलेली असतात, आणि तेथील नोकरांचे पोट पगाराइतकेच या टिपेवरही चालते. आंतरराष्ट्रीय सागरी श्रम करारातील मर्यादा आठवड्याला बहात्तर तासांची आहे. हा करार कामगारांच्या रक्षणासाठी आहे, हे लक्षात घेतले म्हणजे त्यांचा दिवस कसा असेल याची कल्पना येते. शेजाऱ्यांचा हा सल्ला मला रुचला नाही.

जहाजावर आमची केबिन आवरणारा मुलगा मडगावकडचा निघाला. गोव्यात ज्यांना तारवटी म्हणतात त्या घराण्यातला; आजोबा बोटीवर, वडील बोटीवर. आमचे मराठी ऐकताच त्याने मराठीतच बोलायला सुरुवात केली, अधूनमधून कोकणी मिसळून. मी निर्धास्त होते. टिप भरून झालेली, यांच्या पाकिटात मोजक्याच नोटा. आता देण्याघेण्याचा प्रश्न उद्भवणार नाही, अशी माझी समजूत.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तो दाराशी थांबला आणि त्याने माझ्या हातात दहा-दहा सिंगापूर डॉलरच्या चार नोटा ठेवल्या. ‘आंटी, अंकल सकाळपासून चार वेळा देऊन गेले. मी नको म्हटलं तर त्यांना राग आला. म्हणून घेतले, तुमच्याकडे द्यायला.’

मला फार ओशाळल्यासारखे झाले. नंतर यांना समजावून सांगायला गेले : आपण टिप आधीच भरली आहे, आता द्यावी लागत नाही. त्यांनी शांतपणे ऐकले आणि विचारले, ‘कुणी दिली?’ मी म्हणाले, ‘आपणच. भाड्यात.’ त्यावर ते म्हणाले, ‘मी नाही दिली.’

त्यांचे खरेच होते. माझ्या हिशोबात चौदा हजार रुपये गेले होते. त्यांच्या हिशोबात एक मुलगा रोज त्यांचे अंथरूण घालीत होता, चपला पुसून जोडीने लावीत होता, आणि त्याला त्यांच्या हातून काहीच मिळाले नव्हते. ज्या माणसाने पन्नास वर्षे उभे राहून पोस्त दिली, त्याला मी सोयीसाठी या व्यवहारातून काढून टाकले होते. आधी भरलेल्या टिपेने माझी काळजी गेली होती, हे मी नाकारीत नाही. तुम्ही एकट्याने कुणाला सांभाळीत प्रवास करीत असाल, तर तो मार्ग घ्याच. परंतु ज्याच्यासाठी प्रवास आहे, त्याच्या हाताशी थोडे सुटे ठेवायचे असते, हे माझ्या कागदावर कुठे लिहिलेले नव्हते.

रात्री मी त्या मुलाशी बोलले. सिंगापूरची दोन डॉलरची जांभळी नोट असते. अशी एकच नोट मी यांच्या पाकिटात ठेवायची आणि बाकीच्या काढून घ्यायच्या, असे ठरले. हे ती देणार, तो दोन्ही हातांनी घेणार, नंतर दाराच्या फटीतून ती आत सरकवणार, आणि मी ती पुन्हा पाकिटात घालणार. फुकेतला जहाज समुद्रातच नांगरते आणि लहान बोटीने किनाऱ्यावर जावे लागते. हलत्या पायरीवरून यांना उतरवणे मला सुरक्षित वाटेना, म्हणून आम्ही तो दिवस जहाजावरच काढला. त्या दिवशी ही नोट सहा वेळा इकडून तिकडे गेली. प्रत्येक वेळी हे उठून उभे राहिले. प्रत्येक वेळी त्या मुलाने ‘देव बरें करूं’ म्हटले, पहिल्यांदाच घेत असल्यासारखे.

शेवटच्या सकाळी जहाजाच्या खात्याचा हिशोब आला. टिपेच्या ओळीपुढे शून्य होते. यांच्यासाठी रात्री मागवलेले दूध आणि दोन वेळचा चहा मोफतच निघाला. एका बाटलीबंद पाण्यावर तेवढे सेवाशुल्क लागले होते. मी आधीच तयार ठेवलेले पाकीट त्या मुलाला दिले. रक्कम सांगत नाही. त्याने केले ते कोणत्याही भाड्यात धरलेले नव्हते. त्याने ती जांभळी नोट खिशातून काढली आणि माझ्याऐवजी यांच्या हातात ठेवली. ‘अंकल, आठवण.’

यांनी ती उलटसुलट पाहिली, खुर्चीचा हात धरून उठले, आणि ती पुन्हा त्याच्यापुढे केली. मुलाने माझ्याकडे पाहिले. मी मान हलवली. त्याने ती या वेळी आपल्या पाकिटात ठेवली आणि आमच्या बॅगा उचलल्या.